पडदा कोणीं ओढावा?

कोणत्याहि नव्या करमणुकीचा जन्म झाला म्हणजे तिच्यासंबंधीं दोन प्रकारचे टीकाकार लिहूं लागतात. पहिल्यांना ती तरुणांच्या अधःपाताचें द्वार वाटते. दुसऱ्यांना ती निव्वळ पोरखेळ वाटते, व म्हणून तिच्याविषयीं विचार करण्याची गरजच त्यांना भासत नाहीं. कादंबरी, संगीत नाटक आणि बोलपट या तिघांनाहि आपापल्या काळीं या दोन्ही पक्षांशीं झगडावें लागलें. अमेरिकेंत अर्ध्या शतकापूर्वीं जन्मलेल्या आणि आज आपल्या शहरांतील तरुण मंडळींच्या दिवाणखान्यांत येऊन बसलेल्या एका खेळाच्या वांट्याला हेंच भाग्य आलें आहे. त्या खेळाचा, आणि विशेषतः त्यांत येणाऱ्या क्रौर्य, भय व विटंबना यांच्या चित्रणाचा, साहित्याच्या कसोट्यांनीं विचार करावा असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम हा खेळ म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. शिशाच्या सैनिकांनीं टेबलावर लढाया खेळण्याचा छंद युरोप-अमेरिकेंत जुना आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनीं त्या छंदांतून एक निराळीच कल्पना काढली: खेळाडूनें संपूर्ण सैन्य हलविण्याऐवजीं एकाच वीराची भूमिका घ्यावी. १९७४ सालीं विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या लहानशा गांवीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें, तीन पातळ पुस्तिकांच्या रूपानें, हा खेळ प्रसिद्ध झाला. चार-पांच मित्र टेबलाभोंवतीं बसतात. त्यांपैकीं एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग वर्णितो: 'पाऊस पडतो आहे, पुढें एक पडकी पवनचक्की दिसते, आंतून भाजलेल्या पिठाचा वास येतो, आतां तुम्ही काय करतां?' इतर प्रत्येक जण आपापल्या पात्राच्या मुखानें उत्तर देतो. जेथें यशापयश अनिश्चित असेल तेथें वीस पैलूंचा फासा टाकून निर्णय होतो. आगाऊ लिहिलेले संवाद नाहींत, रंगभूमि नाहीं, प्रेक्षक नाहींत. एकेक कथा महिनोन्महिने, क्वचित् वर्षानुवर्षेंहि चालते.

प्रेक्षक नाहींत, या एका गोष्टींतच या खेळाचें सारें वैशिष्ट्य आणि सारा धोका सांठविलेला आहे. 'एकच प्याला' पाहावयास बसलेल्या माणसाला सुधाकराचा अधःपात आणि सिंधूचे हाल पाहून हुंदका आवरत नाहीं. परंतु त्याच्या व सुधाकराच्या मध्यें दिव्यांची एक रांग असते. 'सुधाकरा, आतां तूं काय करणार?' असें त्याला कोणी विचारीत नाहीं. भूमिका-खेळांत नेमका हाच प्रश्न विचारला जातो, आणि त्याचें उत्तर 'मी' या शब्दानें सुरू होतें. कादंबरीचा वाचक नकोसें पान उलटूं शकतो. येथें पान उलटण्याचा अधिकार पांच जणांत वांटलेला असतो. लेखक, नट आणि रसिक हे तिघे एकाच देहांत नांदत असल्यामुळें, रसास्वादाला जें अंतर अवश्य आहे असें आपलें साहित्यशास्त्र मानीत आलें, तें अंतर येथें फार थोडें उरतें. शोकाचा करुण रस होतो तो या अंतरामुळें. अंतर नाहींसें झालें कीं उरतो तो नुसता शोक.

हा धोका अमेरिकेंतील पालकांच्या ध्यानीं आला, पण तो भलत्याच रूपानें. १९७९ सालीं मिशिगनमधील विद्यापीठांतील एक सोळा वर्षांचा विद्यार्थी नाहींसा झाला, तेव्हां या खेळाच्या भरांत तो विद्यापीठाखालच्या भुयारांत भटकत असावा अशी हूल वर्तमानपत्रांतून उठली. तो जिवंत सांपडला. त्याच्या दुःखाचीं कारणें निराळीं व फार खोल होतीं. परंतु कथा सत्यापेक्षां वेगानें धांवली. १९८३ मध्यें पुत्रशोकानें व्याकुळ झालेल्या एका मातेनें या खेळाविरुद्ध संघटना काढली आणि १९८५ मध्यें दूरचित्रवाणीवरील एका मातबर कार्यक्रमानें हा विषय घरोघर नेला. त्या मातेच्या दुःखापुढें कोणीहि नम्रच झालें पाहिजे. पण दुःख खरें असलें म्हणून निदान खरें ठरत नाहीं. प्रकाशकांनीं या वादळापुढें मान तुकविली ती मोठ्या मौजेच्या रीतीनें. १९८९ मध्यें निघालेल्या दुसऱ्या आवृत्तींतून मारेकऱ्याचा पेशा गळाला, आणि दैत्य व सैतान हेहि अदृश्य झाले. दोन वर्षांनीं ते परत आले ते कानाला अपरिचित अशीं नवीं नांवें धारण करून. तलवारी, मुडदे आणि लूट मात्र होतीं तशींच राहिलीं. नांव बदललें म्हणजे पाप धुतलें गेलें, या समजुतीवर चालणाऱ्या नीतिमत्तेचा याहून चांगला नमुना शोधून सांपडणार नाहीं.

सामान्य विधानें येथेंच सोडून एक कृति हातीं घेऊं. ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्यानें १९८३ सालीं या खेळासाठीं 'रेव्हनलॉफ्ट' हें कथानक लिहिलें. त्याचा विस्तार करून २०१६ सालीं 'कर्स ऑफ स्ट्राड' हा अडीचशेंहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. धुक्यानें वेढलेला बरोव्हिया नांवाचा एक प्रदेश आहे. त्या धुक्यांतून कोणाला बाहेर जातां येत नाहीं. त्याचा अधिपति स्ट्राड हा रक्तपिपासु व्हँपायर आहे. आपला धाकटा भाऊ सर्गेई याच्या वाग्दत्त वधूवर, तात्यानावर, त्याची वासना जडली. लग्नाच्या दिवशींच त्यानें भावाचा वध केला. तात्यानानें किल्ल्याच्या तटावरून उडी घेतली. तेव्हांपासून शतकानुशतकें ती पुन्हां पुन्हां जन्म घेते आणि स्ट्राड पुन्हां पुन्हां तिचा पाठलाग करतो. खेळाडूंच्या काळीं तिचें नांव आहे इरीना.

या ग्रंथाचें सामर्थ्य कबूल केलें पाहिजे. भयाची सामग्री म्हणून सांगाडे आणि वटवाघळें पुरेशीं नसतात हें त्याच्या कर्त्यांनीं ओळखलें आहे. येथें भय येतें तें घरगुती वेषानें. एका देवळांतील पुजाऱ्यानें आपल्या पिशाच झालेल्या मुलाला तळघरांत कोंडलें आहे; भुकेनें तो बापाला हांक मारतो आणि बाप वर प्रार्थना करीत बसतो. व्हलाकी या गांवाचा मुख्य अधिकारी असें मानतो कीं, प्रजा आनंदी राहिली म्हणजे स्ट्राडचा अंमल सुटेल. म्हणून तो दर आठवड्याला उत्सव करवितो, आणि ज्याच्या मुखावर हांसूं नाहीं त्याला गाढवाचा मुखवटा चढवून खोड्यांत अडकवितो. पवनचक्कींत तीन चेटकिणी राहतात. त्या मधुर स्वप्नें पाडणारे एक पक्वान्न घरोघर विकतात. ज्यांना पैसे देतां येत नाहींत ते आईबाप त्या स्वप्नांसाठीं आपलीं पोटचीं पोरें त्यांच्या स्वाधीन करतात, आणि पुढच्या पक्वान्नाचें पीठ त्या पोरांच्या हाडांचें असतें. व्यसन म्हणजे काय याचें इतकें उघडें आणि इतकें अचूक रूपक करमणुकीच्या साहित्यांत मीं क्वचितच पाहिलें आहे.

गेल्या पावसाळ्यांत एका आप्ताच्या घरीं हाच पवनचक्कीचा प्रसंग चालला असतांना मी शेजारीं बसून ऐकत होतों. सूत्रधार तरुण कुशल होता. चुलीची धग, पिंजऱ्यांतलीं मुलें, दारांत उभी राहून आणखी एक तुकडा मागणारी आई, सारें त्यानें डोळ्यांपुढें उभें केलें. खेळाडूंपैकीं एक मुलगी पाणी पिण्याच्या निमित्तानें उठली ती बराच वेळ आली नाहीं. खेळ थांबला नाहीं. रंगलेला खेळ कोण थांबविणार? मागाहून तिच्याकडून कळलें कीं, तिच्या वडिलांच्या दारूनें तिचें घर धुऊन नेलें होतें, आणि तिची शाळेची फी कोणत्या बाटलीच्या किंमतीला गेली हें तिला नेमकें आठवत होतें. मी कांहीं सांत्वनाचें बोलणार तोंच ती म्हणाली, "काका, तो प्रसंग मला नको होता असं नाही. तो येणार आहे हें मला आधीं कळायला हवं होतं."

या विषयावर मीं जें कांहीं वाचलें आहे त्या सर्वांचें सार या दोन वाक्यांत आहे. तिची तक्रार विषयाविरुद्ध नव्हती. ती दिव्यांच्या त्या हरवलेल्या रांगेविषयीं होती.

आपल्या पूर्वजांनीं हा प्रश्न निराळ्या रूपांत सोडविला होता. युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराला पडलेला वेढा हे प्रसंग अंकांत प्रत्यक्ष दाखवूं नयेत, प्रवेशकाच्या द्वारें सुचवावेत, असा दंडक भरताच्या नाट्यशास्त्रांत आहे. मरण नाटकांत नसावें असा त्याचा अर्थ नव्हे; तें पडद्याआड असावें, इतकाच. पाश्चात्य भूमिका-खेळांच्या जगांत या शतकाच्या आरंभीं रॉन एडवर्ड्स या रचनाकारानें भरताचें नांवहि न घेतां जवळजवळ हाच भेद मांडला. त्यानें दोन शब्द रूढ केले: रेषा आणि पडदे. जो विषय आमच्या कथेंत येणारच नाहीं त्याच्यापुढें रेषा; जो येईल पण ज्याचें वर्णन होणार नाहीं त्याच्यापुढें पडदा. पुढें सुमारें दहा वर्षांनीं जॉन स्टाव्ह्रोपोलोस यानें त्याहून साधी युक्ति काढली. टेबलाच्या मध्यभागीं फुली काढलेलें एक कार्ड ठेवावें. ज्याला चाललेला प्रसंग सोसवत नाहीं त्यानें त्याला बोट लावावें. कारण विचारूं नये, प्रसंग बदलावा. २०१९ मध्यें या संमतीच्या विचारावर 'कन्सेंट इन गेमिंग' ही स्वतंत्र पुस्तिकाच निघाली, आणि २०२१ च्या 'व्हॅन रिक्टेन्स गाइड टु रेव्हनलॉफ्ट' या ग्रंथांत, स्ट्राडच्याच जगाविषयीं लिहितांना, भयकथा आरंभण्यापूर्वीं सर्वांनीं एकत्र बसून आपापल्या मर्यादा सांगाव्या असा उपदेश प्रकाशकांनीं स्वतः केला.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो टाकाऊ नाहीं. भयाचा प्राण अनपेक्षिततेंत आहे. जें आधीं सांगितलें तें भय कसलें? प्रत्येकानें आपल्या दुखऱ्या जागांची यादी पुढें ठेवली तर कथेंत उरणार काय? माझें उत्तर असें कीं, आक्षेपकानें विषय आणि घटना यांत गल्लत केली आहे. शोकांतिकेला जाणाऱ्या प्रेक्षकाला शोक होणार हें ठाऊक असतें. जाहिरातीवरच तसें लिहिलेलें असतें. द्यूतसभेचें आख्यान लागणार हें कीर्तनाच्या श्रोत्यांना कित्येक पिढ्या ठाऊक आहे. म्हणून द्रौपदीच्या हांकेनें अंगावर कांटा यावयाचा राहात नाहीं. 'या कथेंत व्यसन आणि मुलांचे हाल आहेत' एवढें सांगितल्यानें पवनचक्कीचें दार उघडतांना हात कांपावयाचा थांबत नाहीं. उलट, ज्याला मागें फिरण्याची वाट ठाऊक आहे तोच पुढें अधिक खोल जाऊं शकतो.

तथापि या साधनांचें स्तोम माजवूं नये असेंहि मी म्हणेन. ज्याच्या मनावर घाव बसला आहे तोच हात पुढें करावयास सर्वांत अधिक कचरतो. पाणी पिण्याच्या निमित्तानें उठलेल्या त्या मुलीनें टेबलावर कार्ड असतें तरी त्याला बोट लावलें असतें याची मला खात्री नाहीं. कार्ड ठेवून निश्चिंत झालेला सूत्रधार दारावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लावून कुत्रा मोकळा सोडणाऱ्या घरमालकासारखा होय. पडदा ओढण्याचें काम शेवटीं शेजाऱ्याच्या मुद्रेकडे लक्ष असणाऱ्या माणसाचें आहे, आणि तें एकट्या सूत्रधाराचें नसून टेबलाभोंवतीं बसलेल्या प्रत्येकाचें आहे. त्या दिवशीं उठून तिच्यामागें जाणें मलाहि शक्य होतें. मी गेलों नाहीं.

शिवाय संमति मिळाली म्हणजे कला साधली असेंहि नाहीं. 'कर्स ऑफ स्ट्राड'चा मोठा दोष कोणत्याहि कार्डानें दूर होणारा नाहीं. तो इरीनाच्या पात्रांत आहे. स्ट्राडचा पाठलाग हें या कथेचें हृदय आहे. एका पुरुषाची वासना स्वतःला प्रेम म्हणवून घेते आणि एका स्त्रीचें जग आकसत आकसत एका खोलीएवढें होतें, हा विषय गंभीर आहे आणि तो मांडण्याची हिंमत स्तुत्य आहे. पण कथानक तिला देतें काय? वीरांनीं तिला एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पोंचवावें. क्रेझ्क येथील एका तळ्याच्या कांठीं सर्गेईचा आत्मा प्रकटतो आणि ती त्याच्यासह निघून जाते, असा एक शेवट ग्रंथांत योजिलेला आहे. कर्त्यांना हा मोक्ष वाटला असावा. मला त्यांत निराळेंच दिसतें. स्ट्राडला तिच्यांत तात्याना दिसते. सर्गेईलाहि तात्यानाच दिसते. एकाच्या वासनेंतून सुटून ती दुसऱ्याच्या आठवणींत विलीन होते, आणि जी इरीना म्हणून वाढली, जिनें बाप गमावला, भीति सोसली, तिचा पत्ताच लागत नाहीं. अंधाऱ्या विषयाचा उपमर्द केवळ बीभत्स वर्णनानें होतो असें नाहीं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला कथेंत स्वतःची इच्छाच न देणें हा त्याहून सूक्ष्म उपमर्द आहे. सुदैवानें या कलाप्रकारांत ग्रंथ अखेरचा शब्द बोलत नाहीं. चांगला सूत्रधार तळ्याकांठीं थांबून इरीनालाच विचारूं शकतो: तुला काय हवें?

दुसरा दोष टेबलाच्या बाहेरच्या माणसांसंबंधीं आहे. स्ट्राडच्या राज्यांत 'व्हिस्तानी' नांवाचे भटके लोक आहेत. रंगीत गाड्या, पत्त्यांवरून भविष्य, मद्यपान, चोरी आणि त्या पिशाचाची चाकरी अशीं त्यांचीं लक्षणें २०१६ च्या ग्रंथांत होतीं. हे कपडे कोणाचे आहेत हें युरोपांत कोणालाहि सांगावें लागत नाहीं. ते रोमा लोकांचे आहेत. त्यांचे पूर्वज सुमारें हजार वर्षांपूर्वीं भारतांतून पश्चिमेकडे गेले, त्यांची भाषा आपल्या भाषांच्या कुळांतली आहे, आणि नाझी राजवटीनें त्यांतील लक्षावधि माणसें ठार केलीं. या चित्रणावर टीका झाली. २०२० मध्यें प्रकाशकांनीं चूक मान्य करून पुढील मुद्रणांत मजकूर सुधारला. 'कल्पित लोकांच्या वर्णनानें कोणाचें काय बिघडतें?' असें विचारणाऱ्या मराठी वाचकानें आपल्याकडे पाहावें. ब्रिटिश सरकारनें १८७१ सालीं केलेल्या आणि पुढें मुंबई इलाख्यालाहि लागू झालेल्या कायद्यानें कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ मध्यें रद्द झाला. पण पारध्याच्या मुलाकडे पाहणारी नजर कायद्याबरोबर रद्द झाली नाहीं. ती नजर ज्या गोष्टींनीं घडविली त्यांतल्या पुष्कळशा कल्पितच होत्या.

याच्याहि पुढची पायरी दुसऱ्या एका खेळानें गांठली. 'व्हँपायर: द मॅस्करेड' हा १९९१ पासून चालत आलेला खेळ. त्याच्या २०१८ च्या एका पुरवणी-ग्रंथांत चेचन्यांतील समलिंगी पुरुषांचा छळ हा पिशाचांनीं आपलें कारस्थान झांकण्यासाठीं रचलेला देखावा म्हणून रंगविला होता. तो छळ त्या क्षणीं चालू होता. माणसें खरोखर तुरुंगांत होतीं. नोव्हेंबरांत प्रकाशकांना क्षमा मागून मजकूर मागें घ्यावा लागला. हा विषय कलेला वर्ज्य होता असें मी म्हणणार नाहीं. पण खऱ्या अत्याचाराचें पाप कल्पित राक्षसाच्या माथीं मारलें कीं खरा अत्याचारी मोकळा सुटतो. रूपकानें सत्य उजळावें. येथें रूपकानें तें झांकलें.

तेव्हां अंधाऱ्या विषयांपुढें रेषा ओढून ते सारेच हद्दपार करावे काय? तसें म्हणणारे लोक मला व्हलाकीच्या त्या अधिकाऱ्याची आठवण करून देतात. सर्वांनीं हंसलें म्हणजे पिशाच निघून जाईल अशी त्याची श्रद्धा. आणि ती टिकविण्यासाठीं रडणाऱ्याला खोड्यांत घालण्याची त्याची तयारी. दुःखाला कथेंत जागा नाकारणारा समाज दुःखी माणसालाहि फार काळ जागा देत नाहीं. प्रश्न दुःख दाखवावें कीं नाहीं हा नसून, तें कोणाच्या डोळ्यांदेखत, कोणाच्या संमतीनें आणि कोणाच्या बाजूनें दाखवावें हा आहे.

त्या घरीं पुढची बैठक झाली तेव्हां सूत्रधारानें आरंभींच, कोणाकडेहि विशेष न पाहतां, सर्वांना विचारलें: यांतलें काय ठेवावें, काय झांकावें? ती मुलगी म्हणाली, चूल झांकावी, आई ठेवावी. मग तिची तलवारबहाद्दर नायिका त्या बाईच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. चेटकिणींचें पक्वान्न तिनें हिसकावून घेतलें नाहीं, तलवारीला हात लावला नाहीं. 'तुझ्या मुलाचं नांव काय?' एवढेंच तिनें विचारलें, आणि ती बाई बोलूं लागेपर्यंत ती थांबून राहिली. त्या रात्रीं अर्धा तास फासा कोणीं टाकला नाहीं, आणि पाणी पिण्यासाठीं कोणी उठलें नाहीं.